लव्हेडाच्या गाडीची चाकं

ओरन प्रुइट सकाळी नऊलाच माझ्या चाकांच्या दुकानात आला. त्यानं आणलेला पिकअप त्याचा नव्हता, बायकोचा होता. मागच्या बाजूला डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन अशी जोडचाकं, एकूण सहा चाकांची दांडगी गाडी. लव्हेडा प्रुइटला आमच्या लबक शहरातले सगळे घोडेवाले ओळखतात. छप्पन्न वर्षांची आहे आणि तीन पिंपांना वळसे घालत घोडा पळवायच्या शर्यतीत अजूनही विशीतल्या पोरींना घाम फोडते.

"तेल बदलून आणतो म्हणून सांगितलंय," ओरन दबक्या आवाजात म्हणाला. दुकानात आम्ही दोघंच होतो. "लग्नाला तीस वर्षं होतायत, ऑरेलिया. तिला नवी चाकं द्यायचीत. ती बघ, ती."

त्यानं भिंतीवरच्या चोवीस इंची चाकाकडे बोट दाखवलं. तोंड बघून भांग पाडावा इतकं चकचकीत.

"झकास आहे," मी म्हणाले. "पण ही गाडी ओढते काय?"

"घोड्यांचा ट्रेलर."

"वजन किती?"

"मोठा आहे."

"ओरन, मोठा हे काही वजन नाही."

मी दोन्ही तळवे उभे धरून त्याला दाखवलं. भार पडला की टायर फुगतात. जोडचाकांत रुंद टायर बसवले की दोन्ही एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. शिवाय ते चाक किती भार पेलतं ते त्याच्या आतच कोरलेलं असतं, ते बघितल्याशिवाय मी विकत नाही.

ओरननं नाइलाजानं बायकोला फोन लावला. "लव्हेडा, तुझा ट्रेलर भरल्यावर किती भरतो गं? ...नाही, सहजच." मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. फोन ठेवून म्हणाला, "चौदा हजार पौंड. आणि ती येतेय."

वीस मिनिटांत शेजारणीच्या जीपमधून लव्हेडा उतरली. भिंतीवरचं चाक बघून हसली. "तीस वर्षांत ट्रेलरचं वजन विचारलं नाहीस, म्हटलं आज काहीतरी शिजतंय."

"आवडलं नाही?"

"दिसायला सुंदर आहे. पण टुकुमकेरी गावाजवळ मी एकदा असल्या हौसेच्या चाकांवर अडकले होते." ती काउंटरला टेकली. "जुनी गाडी आठवते? आधीच्या मालकानं मोठी चाकं बसवलेली, स्टेपनी मात्र मूळची, लहान. मागचं आतलं चाक फुटलं. जोडीत एक लहान नि एक मोठं चाक चालत नाही. ऑगस्टचं ऊन, आणि ट्रेलरमध्ये माझी घोडी जुनिपर. चार तास. प्यायचं सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं मी."

ओरननं डोक्यावरची टोपी काढली. "मला फोन का नाही केलास?"

"नऊ वेळा केला. तू तळ्यावर मासे धरत होतास, फोन गाडीत."

"आणि घरी आल्यावर? नुसतं उशीर झाला म्हणालीस."

"घोडी वाचली होती. आणि तू अंगणात मासे तळत होतास, शिट्टी वाजवत. म्हटलं, कशाला."

मी उगाच कॉफी ओतायला वळले.

मग लव्हेडानंच चाकं निवडली. साडेएकोणीस इंची, घडीव अॅल्युमिनियमची, मालट्रकला असतात तसली. तेच चाक पुढे बसतं, मागे आत बसतं, बाहेरही बसतं. भार पेलायची ताकद हवी त्याहून जास्त. सहा नव्हे, स्टेपनी धरून सात. त्यांना साजेसे टायर. आतल्या चाकांची हवा बाहेरून तपासता यावी म्हणून लांब नळ्याही मागितल्या.

"बाहेरून दिसणारी चार तरी चकचकीत घेऊया?" ओरननं हळूच विचारलं.

"घे. आतल्या दोन्हींकडे कोण बघतंय."

"आणि स्टेपनी?"

लव्हेडानं त्याच्याकडे नीट बघितलं. "तीही चकचकीत घे, ओरन. भेट तुझी आहे."

चाकं आठवड्यानं आली. बसवल्यावर पन्नासेक मैल गाडी चालली की नट पुन्हा आवळावे लागतात, त्यासाठी दोघं शनिवारी आले. ट्रेलर जोडलेला, जुनिपर आत, निघाले होते ॲबिलीनला शर्यतीसाठी. ओरन यापूर्वी कधीच सोबत गेला नव्हता. मी पान्यानं नट आवळत होते, तर तो प्रत्येक चाकापाशी वाकून नट मोजत होता.

लव्हेडा तिसरी आली. हे मला सोमवारी ओरननंच सांगितलं, पाऊण तास काउंटरला टेकून. दुसऱ्या पिंपाला तिनं घोडी कशी वळवली ते त्यानं तीनदा करून दाखवलं.