वाळलेला हात

गुरुवारच्या प्रार्थनासभेत बोलायची पाळी वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरची होती, आणि नेमका उतारा आला तो येशू एका माणसाचा वाळलेला हात बरा करतो त्याचा.

सभेची रीत ठरलेली. शुभवर्तमानातला पुढचा उतारा घ्यायचा, पाळी असेल त्याने हे वचन आपल्याशी काय बोललं ते सांगायचं, आणि शेवटी सगळ्यांनी एकमेकांचे हात धरून प्रार्थना करायची. पाळी टाळायची नाही, हा मास्तरांचा नियम. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्यांची छडी काही सुटली नव्हती. ती आता आवाजात होती.

"हा उतारा तुला देवानंच धाडलाय रे," मास्तर म्हणाले.

दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून त्याचा उजवा हात लुळा झाला होता. ताई वसतिगृहातल्या नोकरीतून दोन महिन्यांची रजा काढून आली आणि रजा वाढवत राहूनच गेली. त्याची बटणं, दाढी, नखं, सगळं तिच्याकडे. पण मग बोटं हळूहळू जागी झाली. आधी त्याला वाटलं, पक्कं झालं की सांगू. नंतर वाटलं, सांगितलं की ताई जाणार, मग या दोन खोल्यांत आपण आणि पुठ्ठ्यांचा ढीग. असं करता करता आठ महिने गेले. आता कोणत्या तोंडाने सांगणार? नुसतं गप्प बसून माणूस इतका अडकू शकतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ताई बाजारात गेली की तो दाराला कडी घालायचा, गळ्यातल्या झोळीतून हात काढायचा आणि दाभणाने एखादी वही शिवायचा. शिवण सरळ, घट्ट. जिन्यात तिची चप्पल वाजली की भराभर सगळी उसवायची, दोरा खिशात, हात पुन्हा झोळीत.

त्या सोमवारी वसतिगृहाचं पत्र आलं. शनिवारपर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला. ताईने ते साखरेच्या डब्याखाली सारलं. "आता कसली जाते मी," ती म्हणाली आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावलं.

तीन दिवस तो उतारा वाचत होता. त्यातून धीराचा धडा काढायचा, असं त्याने ठरवलं होतं. पण येशूने त्या माणसाला साधा स्पर्शही केला नव्हता. चिखल नाही, तेल नाही. सगळ्यांच्या मधे उभा राहा आणि हात पुढे कर, एवढंच. पुढे करायचं काम त्या माणसाचंच. दाराच्या फटीतून आपल्याला बघूनच कुणीतरी हे लिहिलंय, असं वाटून बाइंडर देवावर भयंकर चिडला.

गुरुवारी तो धीरावरच बोलला. देवाची वेळ आली की होईल, वगैरे. समोरच्या मावशींनी डोळे पुसले. त्याला स्वतःची किळस आली.

मग हात धरायची वेळ झाली. ताईने नेहमीसारखा त्याचा हात झोळीतून अलगद काढला, पिल्लू उचलावं तसा. मास्तरांनी सुरुवात केली. "प्रभू, या बहिणीला बळ दे. तिला हे अजून पुष्कळ वर्षं निभवायचं आहे."

ताईची बोटं सैल पडली. "आमेन," ती पुटपुटली.

त्या एका शब्दाने बाइंडरला राहवेना. तो उठून खोलीच्या मधोमध गेला, हात पुढे केला आणि पाचही बोटं उघडली.

"चमत्कार!" मावशी किंचाळल्या. मास्तरांनी चक्क गुडघे टेकले. सुटायला आयती वाट मिळाली होती, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला मोह झालाही.

"चमत्कार नाही," तो म्हणाला. "आठ महिने झाले."

ताई जवळ आली. तिने त्याचं एकेक बोट दुमडून पाहिलं, सरळ करून पाहिलं.

"रोज संध्याकाळी ही बोटं चोळत होते रे मी," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी ती बॅग घेऊन दारात उभी राहिली. दोन दिवसांत तिने त्याच्याशी कामापुरते शब्द काढले होते. त्याचं वरचं बटण उघडं दिसलं, तसा सवयीने तिचा हात वर गेला. तिने तो खाली घेतला.

"लाव," ती म्हणाली.

त्याने बटण लावलं. लागेपर्यंत ती बघत राहिली. मग तिने बॅग उचलली.

"दे, मी घेतो," त्याने उजवा हात पुढे केला.

"नको," ताई म्हणाली आणि जिना उतरू लागली.