शिवणघरातलं स्पॅनिश

बेनिता आरान्सिबियाला भाडेकरू नकोच होता. पण विद्यापीठातल्या कारकून बाईच्या मुलीचा लग्नाचा झगा तेव्हा तिच्याकडे शिवायला होता, आणि माप देता देता त्या बाईने गळ घातली, "दोन्या बेनिता, एक परदेशी मुलगा आहे. वर्षभराचा तर प्रश्न. तुमची मागची खोली रिकामीच आहे ना?" बेनिताच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून 'नाही' म्हणेपर्यंत बाईने तिला मिठी मारून आभारही मानले होते.

फेब्रुवारीत तावी आला. एस्टोनियाचा. शिवणघराच्या दारातून आत यायला त्याला कमरेत वाकावं लागे आणि त्याचे केस मक्याच्या कणसाच्या शेंड्यासारखे पिवळे होते. स्पॅनिश म्हणाल तर 'नमस्कार', 'आभारी आहे' आणि 'बटाटा' एवढंच. सुक्रेला, डोंगरांनी वेढलेल्या या शहरात, तो खडकांचा अभ्यास करायला आला होता.

"दगड बघायला एवढ्या लांब?" बेनिताच्या हाताखाली शिवणाऱ्या साबिनाने काज करता करता विचारलं. "त्यांच्याकडे दगड नाहीत?"

तावीला प्रश्न कळला नाही, पण 'दगड' कळलं असावं. त्याने दोन्ही तळहात टेबलावर आडवे फिरवून दाखवले, म्हणजे आमच्याकडे सगळं सपाट. मग खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बोट दाखवून तो असा काही हसला, की हातशिलाई करणाऱ्या म्हाताऱ्या मोडेस्ताने लगेच त्याच्यासमोर सुपाचा वाडगा ठेवला.

विद्यापीठातल्या तासांना त्याला काही कळत नसे. मागची खोली थंड. म्हणून दुपारी तो वह्या घेऊन शिवणघरात येई आणि कापड बेतायच्या लांब टेबलाच्या टोकाशी बसे. बेनिता काम करताना सतत बोलते. समोर कुणी असो नसो, मशीनशी बोलते, कापडाशी बोलते, गिऱ्हाईक गेल्यावर त्याच्या पोटाबद्दल बोलते. साबिना चिडवते, मोडेस्ता जुन्या प्रेमप्रकरणांच्या गोष्टी सांगते. ते सगळं तावीच्या कानावर पडत राहिलं. कुणी शिकवायला बसलं नाही. "ती कात्री दे," म्हटल्यावर एके दिवशी त्याने कात्रीच दिली. "अरे, इस्त्री!" म्हटल्यावर उठून इस्त्री उचलली. मार्चअखेर तो कोपऱ्यावरच्या दुकानातून योग्य रंगाचं रीळ आणू लागला. आणि एकदा तर एका जाडजूड गिऱ्हाइणीला त्याने मान वाकडी करून सांगितलं, "सेन्योरा, कंबरेत थोडी माया सोडू या. सणासुदीला उपयोगी पडते." ती बाई इतकी खूश झाली, की जाताना अजून एक झगा टाकून गेली.

एप्रिलमध्ये तो डोंगरावरून फिरून आला, खुर्चीत धपकन बसला आणि म्हणाला, "अगं बाई, किती दमले मी!"

मशीन थांबलं. मग तिघी अशा हसल्या, की साबिनाला डोळे पुसायला अस्तराचा तुकडा घ्यावा लागला. तावीला वाटलं, आपण पूर्ण वाक्य बोललो म्हणून कौतुक चाललंय. तोही हसला. त्याचा तरी काय दोष? त्याच्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द. बाई बोलो की बुवा, सगळं सारखंच. या घरात 'मी आले', 'मी गेले', 'मी विसरले' असंच कानावर पडायचं, म्हणजे तसंच बोलायचं असणार.

बेनिताने त्याला सांगायला तोंड उघडलं होतं. मोडेस्ताने तिला कोपराने ढोसलं. "राहू दे ना गं. किती गोड वाटतं कानाला!"

बेनिताने ते राहू दिलं. आणि एकदा राहू दिल्यावर पुन्हा सांगायचा दिवस काही उजाडला नाही. 'मी जेवले', 'मी अभ्यास करत बसले होते', 'मी जरा बाजारात जाऊन येते' असं बोलत तो सहा फुटांचा मुलगा घरभर वावरत राहिला आणि तिघी एकमेकींकडे बघून गालात हसत राहिल्या.

जूनमधल्या एका दुपारी तो आला तो पांढराफटक चेहरा घेऊन. वही टेबलावर न ठेवता उभाच राहिला.

"आज वर्गात उशीर झाला," तो सावकाश, एकेक शब्द चाचपत बोलला. "मी सांगितलं, 'माफ करा, मी वाट चुकले.' सगळे हसले. मला म्हणाले, दोन्या तावी, म्हणजे तावीबाई." जरा थांबून त्याने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

साबिना काजाकडे बघत राहिली. मोडेस्ता दोरा ओवू लागली, सुईत आधीच दोरा असताना.

"होतं," बेनिता म्हणाली.

"मग सांगितलं का नाही?"

बेनिता टेबलावरच्या टाचण्या एकेक करून डबीत टाकत राहिली. तावी वाकून दारातून बाहेर गेला.

त्यानंतर तो घरात 'हो', 'नाही' आणि 'आभारी आहे' एवढंच बोलू लागला. जणू फेब्रुवारीच परत आला. दुपारी त्याच्या खोलीचं दार बंद असे. बेनिताने एका झग्याची बाही तीनदा उलटी लावली आणि तीनदा उसवली. चौथ्या दिवशी कारकून बाई स्वतःचा नवा झगा न्यायला आली आणि सांगू लागली, की तीन आठवड्यांनी वर्गासमोर बोलायचं आहे, पण तुमचा मुलगा नको म्हणतोय. लिहून देतो म्हणतोय.

"लिहून कशाला?" बेनिता उसळली. "तोंड नाही का त्याला?"

या पोराला पुरुषांच्या बोलण्यात नेऊन बसवलं पाहिजे, हे तिला कळत होतं. पण पुरुष आणायचा कुठून? नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. उरला भाऊ, इलारियोन. आणि त्याच्याशी ती चार वर्षांत एक शब्दही बोलली नव्हती. त्याच्या मुलीच्या लग्नात, ऐन नाचात, त्याची पँट मागून उसवली होती. पँट बेनिताने शिवलेली. सगळ्या वऱ्हाडासमोर तो म्हणाला, बहिणीची शिवण कच्ची. सगळ्या वऱ्हाडासमोर ती म्हणाली, भावाचं पोट पक्कं. त्यावरून जे बिनसलं ते बिनसलंच.

शनिवारी तिने काळी शाल घेतली आणि तावीच्या दारावर थाप मारली. "चल माझ्याबरोबर."

उतारावरून जाताना ती म्हणाली, "पोरा, चुकलं माझं. आम्हाला गोड वाटलं म्हणून गप्प बसलो. लोकांत तुझं हसं होईल, हा विचारच केला नाही."

"चुकलो त्याचं काही नाही," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्ही मला शिकवताय. नंतर वाटलं, नुसत्या खेळवत होता."

"शिकवत नव्हते, खरंय. पण खेळवतही नव्हते रे. तू घरातला झाला होतास, म्हणून कुणाच्या लक्षातच राहिलं नाही की तुला बाहेरही बोलायचंय."

चिचा, म्हणजे मक्याची आंबट दारू, विकणाऱ्या घराच्या अंगणात इलारियोन आपल्या मित्रांबरोबर बेडकाचा खेळ खेळत होता. पितळी बेडकाच्या उघड्या तोंडात चकती टाकायची. बहीण दिसताच त्याचा नेम हुकला.

"काय गं? वाट चुकलीस?"

"चुकले नाही. काम आहे तुझ्याकडे."

"काम नंतर. त्या पँटीबद्दल आधी बोल."

अंगणातल्या सात-आठ जणांच्या माना वळल्या. चाळीस वर्षांत बेनिताच्या हातची एकही शिवण कच्ची नव्हती. तिने तावीकडे पाहिलं आणि शाल खांद्यावर घट्ट ओढली. "टाका कच्चा होता," ती म्हणाली.

इलारियोन हातातली चकती नुसतीच फिरवत राहिला. मग पुटपुटला, "नाही गं. माझंच पोट सुटलं होतं." आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "खुर्ची द्या रे माझ्या बहिणीला! आणि हा खांब कोण आणलायस बरोबर?"

तीन शनिवार तावी त्या अंगणात गेला. पहिल्याच रविवारी जेवताना मोडेस्ताने सूप वाढलं आणि तो म्हणाला, "च्यायला, काय भन्नाट झालंय! मी तर दोन वाडगे हाणणार!" साबिनाला ठसका लागला. मोडेस्ताने छातीवर क्रूसाची खूण केली आणि तिसरा वाडगाही भरून ठेवला. मग बेनिताने त्याला समोर बसवून, या खेपेला नीट शिकवलं: काय अंगणात बोलायचं, काय जेवणाच्या टेबलावर, आणि काय फक्त टायर पंक्चर झाल्यावर.

वर्गासमोर बोलायच्या दिवशी तिघी आपापल्या रविवारच्या शाली घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसल्या. डॉक्टर उर्किदी, खडकांच्या प्राध्यापिका, चष्म्यावरून बघत होत्या. तावीने सुरुवात चांगली केली. "मी माराग्वाच्या डोंगरात चार वेळा गेलो," तो म्हणाला आणि साबिनाने बेनिताचा हात दाबला. पण पुढे खडकांचे थर कसे वाकले हे सांगायचं आलं आणि पुस्तकातला शब्द त्याच्या जिभेवरून निसटला. तो थांबला. कुणीतरी खुदकन हसलं. "दोन्या..." अशी कुजबुजही ऐकू आली.

तावीने अंगातला कोट काढला आणि टेबलावर पसरला.

"हे बघा," तो म्हणाला. "वरचं कापड लाल, खालचं अस्तर हिरवट. दोन्ही बाजूंनी असं रेटलं की चुण्या पडतात. माराग्वाला अशा चुण्या आहेत, काठाला झालर लावल्यासारख्या. आणि जिथे ताण फार झाला तिथे," त्याने कोटाची एक जुनी शिवण दोन बोटांनी ताणून धरली, "तिथे उसवलं. एक बाजू खाली घसरली. म्हणून अस्तर वर दिसतं आणि कापड खाली."

पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठून कोट बघायला आला. मग दुसरा. डॉक्टर उर्किदीही आल्या. "आणि हे उरेब, म्हणजे तिरपं, कापलेलं असतं तर?" त्यांनी विचारलं.

"तर उसवण्याआधी जास्त ताणलं असतं, डॉक्टर," तावी ताबडतोब म्हणाला. मागून मोडेस्ता मोठ्यांदा म्हणाली, "बरोबर!" आणि सगळा वर्ग हसला. तावीही हसला.

"पुस्तकातले शब्द सोमवारपर्यंत पाठ करून ये," डॉक्टर म्हणाल्या. "त्याशिवाय गुण पुरे देणार नाही. पण हा भाग मी सहा वर्षं शिकवतेय, आणि वर्गातल्या प्रत्येकाला कळलाय असं आज पहिल्यांदा वाटलं."

बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कोपऱ्यावर उभ्याउभ्याच गरम सालतेन्या, रसदार सारणाच्या करंज्या, खाल्ल्या. खुदकन हसणारा तो मुलगाही घोटाळत जवळ आला आणि त्याने तावीला रविवारच्या फुटबॉलला यायचं विचारलं. "येतो," तावी म्हणाला, "पण या रविवारी नाही. दोन्या बेनिताला एक गोष्ट दाखवायची आहे."

जन्म याच शहरात गेला, पण बेनिता माराग्वाला कधी गेली नव्हती. वेळ कुणाला होता? रविवारी इलारियोनने ट्रक काढला. बेनिता पुढे, बाकीचे मागे, मांडीवर उकडलेल्या कणसांचा आणि चीजचा डबा. रस्ता खडबडीत, त्यामुळे पोहोचेपर्यंत मोडेस्ता सगळ्या संतांची नावं घेऊन मोकळी झाली होती.

उतरल्यावर मात्र सगळ्यांच्या माना वर झाल्या. लाल आणि हिरवट पट्ट्यांचे डोंगर समोर लाटांसारखे वाकलेले, कडेला ओळीने अर्धगोल.

बेनिता जवळ गेली. एका पट्ट्यावरून तिने अंगठा फिरवला, अंगठा निरखला, परत फिरवला.

"किती जुनं म्हणालास हे?"

"कोट्यवधी वर्षं, दोन्या बेनिता."

"आणि दरवर्षी पाऊस पडतो इथे?"

"पडतो की."

ती मागे सरली, कमरेवर हात ठेवून तिने डोंगर वरपासून खालपर्यंत पाहिला आणि मान डोलावली. "रंग पक्का आहे हो," ती म्हणाली आणि सावली शोधून कणसांचा डबा उघडायला बसली.