रक्त काढायच्या कोर्सचं कर्ज

आमच्या कम्युनिटी कॉलेजातला रक्त काढायचा कोर्स चार महिन्यांचा होता आणि फी अडतीसशे डॉलर. कर्जाचा अर्ज भरून तयार होता, फक्त सही बाकी होती. पण इतिहासाच्या पदवीचं जुनं कर्ज अजून डोक्यावर होतं, म्हणून मी नणंदेला, लॉर्नाला, बोलावून घेतलं. ती डेटनच्या एका हॉस्पिटलात नऊ वर्षं रक्त काढते.

माहितीपत्रक वाचून ती हसतच सुटली. "तासाला बावीस? अगं वहिनी, यात रात्रपाळीचा भत्ता धरलाय. दिवसपाळीला तासाला अठराच मिळतात. रात्री तुमच्या छोट्या ओपलला कोण सांभाळणार, माझा भाऊ? तो अलार्मनेसुद्धा उठत नाही!"

"मी ऐकतोय हं," स्वयंपाकघरातून कर्टिस ओरडला.

"ऐकता ऐकता भांडी घास!"

मी अठराने पुन्हा हिशोब मांडला. कर, ओपलचं पाळणाघर आणि कर्जाचे दोन हप्ते वजा केल्यावर उरलेला आकडा बघून मला घामच फुटला.

"आमच्याकडे पेशंटच्या चाकाच्या खुर्च्या ढकलायला माणसं हवीत," लॉर्ना म्हणाली. "पगार सोळा. पण सहा महिने टिकलीस की हाच कोर्स हॉस्पिटल आपल्या खर्चाने करून देतं. मी तशीच शिकले."

"पदवी घेऊन खुर्च्या ढकलू?"

"पदवी राहू दे घरी. ढकलायला दोन हात पुरतात."

मला राग आला, आणि तो लपवताही आला नाही. तरी बिनसहीचा अर्ज मी घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला आणि विचारलं, "बूट कुठले लागतात तिथे?"