मुदत न संपणारी खिडकी

“खिडकी उघडली की दचकायचं नाही. खालच्या ‘नंतर’वर टिचकी मारायची आणि आपलं काम करत राहायचं,” मामांनी बारकीला शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, जुन्या लॅपटॉपसमोर बसवून. आवाजातली खरखर काढायचं ते सॉफ्टवेअर महिनाभर फुकट होतं. महिना सरला, वर्षं सरली, ते बंद काही पडलं नाही. मुदत संपली, कृपया विकत घ्या, एवढंच रोज विनवायचं. “काय सोशिक आहे बघ,” मामा हसायचे.

त्या शिकवणीवरच बारकीला ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नोकरी लागली. तिथल्या सगळ्या संगणकांवर तिने तेच टाकलं. दुसऱ्या कशावर तिचा हातच बसत नव्हता. यात काही वावगं आहे, हे तिच्या गावीही नव्हतं.

आज सकाळी मालकीणबाईंनी सगळ्यांना बोलावलं. “बोलक्या पुस्तकांचं वर्षभराचं काम येतंय. दुपारी काम देणाऱ्या प्रकाशकांची माणसं येऊन प्रत्येक सॉफ्टवेअरची पावती बघणार आहेत. चोरीचं काही निघालं तर काम जाईल. आणि ज्याने टाकलं, तोही जाईल.”

टाकलं होतं बारकीनेच. घरात मिळवती ती एकटी.

शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी दादा कुजबुजला, “तोंड का उतरलं गं? गुपचूप पुसून टाक.”

“आणि अर्धवट राहिलेलं ध्वनिमुद्रण कशात उघडू?”

“मग आजारी पड. चेहरा तर तयारच आहे.”

ती जिन्यात गेली आणि तिने सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. नाव विचारतील, पोलिसात देतील, असं काय काय मनात येत होतं. पलीकडून एका वयस्क बाईंचा आवाज आला. बारकीने धापा टाकत सगळं सांगितलं.

“घरी शिकलीस ना?” बाई म्हणाल्या. “घरी वापरणाऱ्यांच्या मागे आम्ही लागत नाही.”

“मग तुमचं चालतं कसं?”

“तुझ्यासारख्यांवरच. कुलूप घातलं असतं, तर तुझे मामा दुसरं काही शिकले असते, आणि तूही. आता तुझ्यामुळे आमचं सॉफ्टवेअर ऑफिसात शिरलं. ऑफिसला फुकट वापरायची मुभा नाही. तपासणीला भिऊन ऑफिसं आज ना उद्या विकत घेतातच.”

“म्हणजे मी तुमची बिनपगारी विक्रेती.”

“तसंच म्हण,” बाई हसल्या. “तुमच्या बाईंनी आत्ता घेतलं तर पावती लगेच येईल. पण मालकांशिवाय दुसऱ्या कुणाला मी देणार नाही. त्यांना सांगावं लागेल. सांगशील?”

पावती येईल, काम वाचेल. बारकीची नोकरी वाचेल का, हे मात्र फोनवरच्या बाईंच्या हातात नव्हतं. पुसून टाकणं किती सोपं होतं.

“सांगते,” ती म्हणाली. “ती माणसं यायच्या आत.”

तिने फोन ठेवला. ओढणीने तोंड पुसलं आणि ती जिन्यातून आत आली. ती मालकीणबाईंच्या दाराकडे बघतेय हे पाहून दादाने लांबूनच, नको, म्हणून मान हलवली. त्याच्याकडे न बघता ती पायांचा आवाज न करता त्या खोलीकडे चालू लागली.