सिनेमात नसलेलं बटण

थोरलीला संशयाची खोड लहानपणापासूनची. पुढे नोकरीही अशी मिळाली की त्या खोडीचाच पगार मिळू लागला. शर्टांच्या कारखान्यात ती तपासनीस होती. पांढऱ्या उजेडाच्या टेबलावर शर्ट पसरायचा, कॉलर उलटायची, शिवण ताणून बघायची आणि टाका सुटला असेल तिथे लाल चिकटपट्टी लावायची. शिवणाऱ्या बायका म्हणत, हिच्या नजरेतून सुईसुद्धा सुटायची नाही. नवरा म्हणायचा, "माझी तपासणी रोज दोनदा होते, सकाळी जाताना आणि संध्याकाळी येताना. माल अजून परत पाठवला नाही, हेच नशीब."

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि जिने चढणं बंद झालं, तेव्हा आई-बाबा दोघंही थोरलीकडे राहायला आले; तिच्या इमारतीला लिफ्ट होती. धाकटी बहीण परदेशी, त्यामुळे दुसरा पर्याय नव्हता. एका रविवारी दुपारी नवऱ्याने मोठ्या हौसेने जाहीर केलं, "आई, तुमचा तो सिनेमा सापडला! पूर्ण आहे. आज बघायचाच."

'तो सिनेमा' म्हटल्यावर घरात कोणाला नाव विचारावं लागत नसे. आईने तो लग्नाच्या पहिल्या वर्षी पाहिला होता आणि त्यातला पुलावरचा प्रसंग दोन्ही मुलींना ती इतक्या वेळा सांगत आली होती की त्यांना तो पाठच झाला होता. नायिका शहर सोडून निघालेली असते. नायक धापा टाकत पुलावर येतो. आता हा हात धरणार, रडणार, थांब म्हणणार, असं आपल्याला वाटतं. पण तो काहीच म्हणत नाही. तिच्या कोटाचं गळ्याजवळचं बटण उघडं असतं, ते तो लावतो. "थंडी आहे," म्हणतो आणि आल्या वाटेने निघून जातो. त्याच्या बाहीच्या टोकाला शाईचा डाग असतो. आणि आई नेहमी पुढे सांगायची, "त्याच्या अंगाला ना, भिजलेल्या लोकरीचा वास येत होता."

लहानपणी झोपताना धाकटी हा प्रसंग हट्टाने मागून घ्यायची. थोरलीही ऐकायची, पण प्रत्येक तपशील मनात नोंदवत.

सिनेमाचं नाव कानावर पडताच बाबा उठले. "माझे डोळे चुरचुरतात," म्हणाले आणि चपला घालून खाली फिरायला गेले. भर दुपारी. थोरलीने ते टिपून ठेवलं.

सिनेमा सुरू झाला. नवरा मधूनमधून विनोद करत होता, आई मात्र मांडीवर हात ठेवून ताठ बसली होती. शेवटाकडे एकदाचा पूल आला. पुलावर लख्ख ऊन होतं. नायिकेच्या अंगात कोटच नव्हता. नायक पांढऱ्या सदऱ्यात धावत आला, त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि एक लांबलचक गाणं म्हटलं. गाणं संपेपर्यंत नायिका रडली, हसली, पुन्हा रडली आणि शेवटी गेलीच नाही.

"आई, बटण कुठे गेलं हो?" नवऱ्याने विचारलं.

"कापलं असेल," आई म्हणाली. "जुने सिनेमे कापतात. मला जरा पाणी दे गं."

थोरलीने पाणी दिलं. ग्लास घेताना आईचा चेहरा जराही बदलला नाही, आणि नेमकं तेच थोरलीला खटकलं. आयुष्यभर जपलेली गोष्ट डोळ्यांदेखत खोटी ठरली, तर माणूस निदान चकित तरी होतं. आई चकित झालीच नव्हती.

त्या दिवसापासून थोरलीच्या डोक्यात भुंगा शिरला. टेबलावर शर्ट उलटेपालटे करता करता तिचं मन त्या प्रसंगाच्या शिवणी उसवत बसायचं. डाग एक वेळ पडद्यावर दिसेल, पण लोकरीचा वास? सिनेमाला वास कधीपासून येऊ लागला? वास यायला माणूस जवळ लागतो. हातभर अंतरावर. म्हणजे हे बघितलेलं नव्हे, घडलेलं. आणि शाईचा डाग? बाबा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत मीटर तपासत. त्यांच्या बाहीला चिखल लागेल, गंज लागेल. शाई कुठली?

शाई छापखान्यात असते. लग्नाआधी आणि लग्नानंतर वर्षभर आई छापखान्यात कामाला होती. छापलेले कागद दुमडून पुस्तकांचे फर्मे करायचे आणि शिवायला पाठवायचे, हे तिचं काम. तिथे खिळेकाका होते. शिशाची अक्षरं, म्हणजे खिळे, जुळवायचं काम करत, म्हणून हे नाव. थोरलीच्या लहानपणी ते वर्षातून एखादा फेरा मारत. दारातच उभे राहून कोऱ्या कागदांची चळत द्यायचे, "पोरींना चित्रं काढायला" म्हणायचे आणि जायचे. बाबा त्यांना कधी बसा म्हणायचे नाहीत. हे आठवल्यावर तर थोरली बोटांवर वर्षं मोजू लागली. तिचा जन्म त्या सिनेमानंतरच्याच वर्षातला होता.

तिने आरशात नाक बघितलं. दुपारी बाबा आरामखुर्चीत डुलक्या घेत असताना त्यांचं नाक समोरून बघितलं, मग बाजूने. बाबांनी डोळा उघडून विचारलं, "काय गं?"

"काही नाही, माशी होती."

"माशी? या दिवसांत?" ते म्हणाले आणि खोलीभर नजर फिरवून पुन्हा झोपले.

शनिवारी ती बाजाराची पिशवी घेऊन, नवऱ्याला न सांगता खिळेकाकांचं घर शोधत गेली. ते मुलाकडे राहत, एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. जिन्यात इस्त्रीच्या वाफेचा उबट वास भरून राहिला होता. सुनेने दार उघडलं आणि बजावलं, "मोठ्याने बोला. ऐकायला कमी येतं."

काका खिडकीशी बसले होते. अंगाने वाळलेले, पण बोटं अजून लांबसडक. थोरलीने आधी बाही पाहिली. स्वच्छ होती. मग नाक पाहिलं. नाक बसकं होतं. तिचं सरळ होतं, पण नाकावर संशय मिटतो थोडाच!

"आईने विचारपूस करायला पाठवलंय," ओळख सांगून ती चक्क खोटं बोलली.

"तिचा गुडघा कसा आहे?"

म्हणजे यांना गुडघ्याचीही खबर! थोरलीने कान टवकारले.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"बाजारात तुझे बाबाच भेटले होते. ते सांगत नव्हते, मीच खोदून विचारलं."

थोरलीने फार आढेवेढे घेतले नाहीत. सिनेमाचं नाव घेतलं, पूल सांगितला, बटण सांगितलं, आणि सून स्वयंपाकघरात आहे याची खात्री करून मोठ्याने विचारलं, "ते बटण तुम्ही लावलं होतंत का?"

काका तिच्याकडे बघतच राहिले. मग तोंडावर हात धरून हसले, आणि हसता हसता खोकले.

"अजून सांगते होय ती? अगं, मी तो सिनेमा आजवर पाहिलेला नाही."

"मग?"

"एके दिवशी ती कामावर आली ती डोळे सुजवून. जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाली, तुम्ही तो सिनेमा पाहिलात का? मी मध्येच उठून आले. शेवटी काय होतं, तेवढं सांगा. आता पाहिला नाही म्हटलं असतं तर ती पुन्हा रडली असती. म्हणून म्हटलं, पाहिला की! आणि दिलं ठोकून. शेवट पुलावर होतो, एवढं भिंतीवरच्या जाहिरातीत दिसत होतं. बाकीचं माझं."

"शाईचा डाग?"

"माझ्याच बाहीला होता. दुसरं काही सुचेना."

"आणि लोकरीचा वास?"

"तोही आपलाच असणार. सकाळी पावसात स्वेटर भिजला होता आणि यंत्राजवळ वाळत घातला होता. ते मी सांगितलं नव्हतं हं. ते तिने घातलं."

थोरलीने मान डोलावली. तरी एक टाका राहिलाच होता. "बटणच का?"

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. "तिच्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. एवढ्या थंडीत गळा उघडा टाकून आली होती. मी कसं सांगणार, बटण लाव म्हणून? लोक काय म्हणतील? म्हणून गोष्टीत लावलं."

सुनेने चहा आणला. थोरलीने तो उभ्या उभ्याच संपवला. निघताना तिने विचारलं, "आई मध्येच उठून का आली होती?"

"ते तिला विचार," काका म्हणाले. "मी विचारलं नव्हतं."

घरी आली तेव्हा आई पलंगाच्या कडेला बसून पाय लांब करायचा, दुमडायचा व्यायाम करत होती. बाबा फिरायला गेले होते.

"खिळेकाकांकडे गेले होते," थोरली म्हणाली.

आईचा पाय हवेतच थांबला. "कशाला?"

"त्यांनी सिनेमा पाहिलाच नव्हता, आई."

"माहीत आहे."

"माहीत आहे? कधीपासून?"

"तेव्हापासूनच. जाहिरातीत ती बाई बिनबाह्यांच्या पोलक्यात उभी होती. तिला कुठला कोट आणि कुठली थंडी!" आईने पाय खाली ठेवला. "पण त्यांनी इतकं मन लावून सांगितलं की म्हटलं, असू दे. मला तोच शेवट आवडला."

"तू मध्येच का उठलीस?"

आईने गुडघ्यावरचा पदर सारखा केला. मग म्हणाली, "पुढच्या रांगेतल्या एका माणसाने दोनदा मागे वळून बघितलं. त्याची छत्री आमच्या खुर्चीखाली गेली होती, ती शोधत होता बिचारा. तुझ्या बाबांना वाटलं, तो मला बघतोय. माझा हात धरून उठवलं आणि अंधारातून बाहेर आणलं. त्याच ओढाताणीत बटण तुटलं. घरापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. पुन्हा कधी सिनेमाला नेलंही नाही."

बाबांच्या दुपारच्या फेरफटक्याचा अर्थ थोरलीला आता लागला. पण भुंगा अजून गेला नव्हता. तिने चाचरत विचारलं, "मग खिळेकाकांचं आणि तुझं... काही नव्हतं?"

"होतं ना. एक गोष्ट होती. त्यांनी सांगितली, मी ऐकली, आणि घरी आले." आईने तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. "म्हणून परवा बाबांच्या नाकाशी माशी मारत होतीस होय? आणि आज काय, काकांचं नाक मोजून आलीस?"

थोरलीच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"वेडे," आई म्हणाली, "तू तुझ्या बाबांची नाहीस तर कोणाची असणार? नवऱ्याचे खिसे चाचपल्याशिवाय तुला झोप येत नाही. आईने पाहिलेल्या सिनेमाचासुद्धा माग काढत गेलीस. नाक कसलं बघतेस? स्वभाव बघ ना."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. ती आईशेजारी बसली. किती तरी वर्षं ती आपल्या नजरेचा अभिमान बाळगून होती, आणि ही नजर कोणाकडून आली, आणि त्या माणसाच्या हाताने अंधारात काय केलं, हे तिला आज कळत होतं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"बटणाचं काय झालं मग?" थोरलीने विचारलं.

"काकांनी सांगितलं त्याच संध्याकाळी मी बसले शिवायला. दिव्याचा उजेड कमी, मला सुईत दोरा ओवता येईना. तुझ्या बाबांनी न बोलता सुई घेतली, दोरा ओवून दिला आणि समोर बसून राहिले. त्यांना वाईट वाटलं होतं. पण सांगायला जीभ नव्हती. खिळेकाकांना होती."

"काकांकडे नेऊ का तुला एकदा?"

"आणि काय करू तिथे? त्यांना ऐकू येत नाही, मला जिना चढता येत नाही."

दोघी हसत असतानाच दार वाजलं. बाबा आत आले. चपला काढता काढता त्यांनी दोघींकडे पाहिलं, मग थोरलीच्या हातातल्या रिकाम्या पिशवीकडे.

"काय चाललंय? मी आल्यावर का गप्प झालात?"

तोच प्रश्न, तोच तिरपा कटाक्ष थोरलीने स्वतः कितीदा तरी नवऱ्यावर टाकला होता. तिने आईकडे पाहिलं. आई निवांत होती. सवयीची निवांत.

"सिनेमाचं बोलत होतो," आई म्हणाली. "त्याचा शेवट मला आवडला नाही."

बाबा उभेच राहिले. मग हळूच म्हणाले, "काय होतं शेवटी?"

थोरलीला वाटलं, आता आई बटण सांगणार. पण आईने त्यांना हाताने पलंगाची कड दाखवली, बाबा अवघडून बसले, आणि मग तिने त्यांना ऊन सांगितलं, पांढरा सदरा सांगितला, लांबलचक गाणं सांगितलं. जसं होतं तसं. बाबा मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकत राहिले.