भिंतीपलीकडं पडलेली शेंग

उदगीरच्या उज्वलाबाईंना लेकीनं बेंगळुरूहून एक वेल आणून दिली होती. जात घेवड्याची, पण शेंगा खायच्या नाहीत, वेल नुसती शोभेची. शंखासारखी पिळदार जांभळी फुलं आली आणि त्यांच्या वासानं रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. मग उज्वलाबाई काही ना काही निमित्त काढून अंगणात येत.

शेजारी बानो राहायची, ब्लाऊज शिवायची. एक दिवस भिंतीपलीकडून म्हणाली, "भाभी, हिच्या दोन बिया लावू का मी? माझ्या पण दारावर चढवते."

"हिला बीच धरत न्हाई गं," उज्वलाबाई बोलून गेल्या.

आपण असं का बोललो, ते त्यांचं त्यांनाही कळेना. अख्ख्या गल्लीत अशी वेल आपल्याच दारी असावी, एवढंच असेल. वेलीला तर दहा-बारा शेंगा लोंबत होत्या. बानोला दिसू नयेत म्हणून त्यांनी त्याच दुपारी सगळ्या तोडून टाकल्या. आतल्या बिया कोवळ्या होत्या, वाळून सुरकुतल्या.

डिसेंबरात थंडी लई पडली. नाजूक वेल तीन दिवसांत काळी पडून मुळासकट गेली. सुरकुतलेल्या बिया पेरून पाहिल्या, एकही उगवली नाही.

फाल्गुनात बानो दारात उभी. हातात दुधाच्या पिशवीत लावलेलं चार पानांचं रोप.

"घ्या भाभी. तुमचंच हाय. एक वाळलेली शेंग माझ्याकडं पडली होती, भिंतीवरून. दोनच बिया निघाल्या. एक मी ठेवली."

"कधी पडली गं?"

"मी विचारलं ना तुम्हाला, त्याच्या आदल्या दिवशी. न विचारता कशी लावायची, म्हणून विचारलं."

उज्वलाबाईंच्या कानशिलांत ऊन चढल्यासारखं झालं. रोप घ्यायला हात पुढं होईना.

"बानो, मी खोटं बोलले. शेंगा होत्या. तुला दिसू नयेत म्हणून तोडल्या."

"तोडताना बघितलं मी," बानो हळूच म्हणाली. "राग आला होता. पण वेल जळून गेल्यावर तुम्ही रोज तिथं येऊन उभ्या राहायच्या, ते न्हाई बघवलं."

"आत ये, चहा टाकते."

"आज नको. गिऱ्हाईक बसलंय."

रोप उंबऱ्याशी ठेवून ती गेली. उज्वलाबाईंनी तिच्या घराकडं न बघताच रोप लावलं.

आता वेल मांडवभर पसरली आहे. कुणी कौतुक केलं की उज्वलाबाई सांगतात, "बानोनं दिली." पण सांगताना वर बघत नाहीत.