आधी तुम्ही गिळा

आमच्या बोमेटकडे शर्यत जिंकून आलेल्याला वेशीवर मुर्सिक पाजतात. पोखरून वाळवलेल्या भोपळ्यात आंबवलेलं, कोळशाच्या भुकटीने करडं झालेलं हे दूध घरात रोजच असतं. पण गाव गोळा करून पाजायचं ते फक्त विजेत्याला. हरलेल्याने गुपचूप घरी जाऊन चहा प्यायचा. तो चहा मी पुष्कळ प्यायलोय.

माझी धाकटी बहीण चेलंगट मात्र हरायची नाही. आमचे धावण्याचे कोच अराप सिगिलाई तिच्यावर जीव टाकायचे. आणि हिने काय करावं? परीक्षेत जिल्ह्यात पहिली आली आणि डॉक्टर व्हायला नैरोबीला निघाली.

"माझी सगळी मेहनत पाण्यात घातलीस," कोच भडकले. "जा, बस लोकांची आतडी उसवत!"

पोरीने तेच केलं. डॉक्टर झाली, सर्जन झाली, मग केपटाउनला जाऊन अन्ननलिका, जठर आणि आतड्यांच्याच शस्त्रक्रिया शिकली. तिथे तिला चांगली नोकरी मिळत होती. पण आमच्या भागात अन्ननलिकेच्या कॅन्सरने माणसं घासासाठी तडफडून मरतात, म्हणून ती परत आली.

आम्ही वेशीवर मुर्सिक घेऊन उभे होतो. कोच रस्त्यापलीकडून मोठ्याने म्हणाले, "कुठली शर्यत जिंकली म्हणे ही?"

गावात कोचचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. आईने भोपळ्याचं झाकण परत लावलं. चेलंगटला मी घरी नेऊन चहा दिला. त्या दिवसापासून मी कोचशी बोलणं टाकलं. अजूनही ते आठवलं की माझं डोकं फिरतं.

तिने मात्र मनात काही धरलं नाही. टेकडीवरच्या इस्पितळात कामाला लागली. पुढे युगांडा, मलावीतले तरुण सर्जन तिच्या हाताखाली शिकायला येऊ लागले. कोच तिचं नावही काढत नव्हते.

मग एक दिवस कोचची बायको माझ्या दारात आली. "मक्याची उगाली उतरत नाही त्यांच्या घशाखाली. आता दूधसुद्धा अडकतंय. गोठ्यामागे जाऊन थुंकतात, मला कळू नये म्हणून."

मी गेलो आणि म्हाताऱ्याला गाडीत घातलं. हाडांचा नुसता सापळा झाला होता.

चेलंगटने नळी घालून तपासलं. "गाठ आहे, पण काढता येईल. अन्ननलिका काढायची आणि जठर वर ओढून गळ्याशी जोडायचं."

"जमेल तुला?" कोचनी विचारलं.

"सुरुवातीला जोर लावायचा नाही, शेवटपर्यंत दम राखायचा. कुणी शिकवलंय मला?"

"म्हणजे ऐकत होतीस तर!" कोच पुटपुटले आणि डोळे पुसले.

सकाळी त्यांना आत नेलं. मी बाहेर बाकावर बसून राहिलो. ऊन चहाच्या मळ्यांवरून उतरायला लागलं तेव्हा चेलंगट बाहेर आली. चेहऱ्यावर मास्कचे वळ उमटले होते. "झालं. आता जोड टिकायला हवा."

शुद्धीवर येताच कोचनी विचारलं, "वेळ किती लागला?"

"दुपार उलटली."

"फारच सावकाश धावलीस."

"पोहोचले ना पण?"

म्हातारा हसला आणि टाके दुखले म्हणून कळवळला.

जोड टिकला. आधी पाणी, मग पेज असं करत कोच सावरले. चालायला लागल्यावर त्यांनी चेलंगटला गावात बोलावलं. सगळं गाव वेशीवर जमलं होतं. कोच स्वतः भोपळा घेऊन उभे होते. त्यांनी तो तिच्या ओठांपुढे धरला.

"घे. त्या दिवशी मी चुकलो."

चेलंगटने भोपळा हाताने परत त्यांच्याकडे वळवला.

"रीत मोडू नकोस!" कोच गरजले. "आधी विजेता!"

"आधी तुम्ही गिळा, कोच. ते खाली उतरलं, तरच मी जिंकले."

कोचनी तोंड लावलं. आमचं सगळ्यांचं लक्ष त्यांच्या गळ्याकडे लागलं होतं. घोट उतरला. दुसराही उतरला. करड्या मिशा पुसत त्यांनी भोपळा तिच्या ओठांना लावला आणि बायकांनी असा गजर केला, की मळ्यांतली माणसं कामं टाकून धावत आली.